हातातली नोट कोणाची?

*'वकीलबाईंना विचारा' या सदरात या खेपेला पैसे बदलण्याचे आणि थकलेला कर माफ होण्याचे प्रश्न एकदमच आले. कायद्यात बसतं का, एवढंच विचारणारी पत्रं थोडी. बाकीच्यांना 'हे बरोबर आहे का' हे विचारायचं होतं, म्हणून उत्तरंही तशीच दिली आहेत. (मी वकील नाही, दारव्ह्यात बसून लोकांचे कर भरून देते. पण बाजार समितीच्या गेटापासून माझ्या टेबलापर्यंत सगळे वकीलबाईच म्हणतात, अन् संपादकांनीही तेच नाव लावून टाकलं.)*

प्रश्न : वकीलबाई, नमस्कार. माहा मोठा लेक दम्मामले वेल्डर हाये. आधी तो बँकेतून पैसे पाठवे. आता त्याच्या खोलीवरचा एक जण म्हणते का बँकेपेक्षा रियालमागं चाळीस पैसे जास्त भेटते अन् पैसे त्याच दिवशी घरपोच. खरंच तसं होते. माह्याकडच्या दहाच्या नोटेचा नंबर लेकाले फोनवर सांगा लागते. संध्याकाळी एक पोरगा मोटरसायकलवर येते, ते नोट पाहते, खिशात टाकते अन् पैसे मोजून देते. सही नाही, कागद नाही. बँक तालुक्याले, गेलं का दिवस मोडते, मजुरी बुडते. पैसा माह्या लेकाच्या घामाचा हाये, चोरीचा नाही. मंग याच्यात पाप काय? *(एक आई, ता. मेहकर. पत्र जसंच्या तसं छापलं आहे.)*

उत्तर : आई, पैसा लेकाच्या घामाचा आहे, त्यात शंकाच नाही. पण त्या पोरानं मोजून दिलेल्या नोटा तुमच्या लेकाच्या नाहीत. लेकानं दम्मामला दिलेले रियाल भारतात येतच नाहीत, ते तिकडंच राहतात. इकडं नागपूर, मुंबई, सुरत, कुठंतरी एकाकडं रोकड पडलेली असते, हिशेबात न धरलेली. त्याला बाहेर पैसा पाहिजे असतो. कोणाला दुबईत फ्लॅट घ्यायचा असतो, कोणाला सोन्याची खेप मागवायची असते. कोणी चीनहून माल आणताना सीमाशुल्क वाचवायला बिल अर्ध्याचंच बनवलेलं असतं अन् उरलेलं अर्धं गुपचूप चुकतं करायचं असतं. तो आपली रोकड इथल्या दलालाला देतो, तीच फिरत फिरत तुमच्या ओसरीवर येते. तुमच्या लेकाचे रियाल तिकडं त्या माणसाच्या नावावर जमा होतात. सरहद्द कोणत्याच पैशानं ओलांडली नाही, फक्त मालक बदलले. हवाला म्हणतात तो हाच.

आता ते चाळीस पैसे कोण देतो, ते पाहा. तोच देतो. त्याच्या नोटांना बँकेचं दार बंद आहे, तुमच्या लेकाच्या कमाईला उघडं आहे. तुमच्याकडचा सरळ पैसा तो थोडं जास्त मोजून विकत घेतो आणि आपला वाकडा पैसा तुमच्या घरी ठेवून जातो. तो कराचा चोर असेल, लाचखाऊ असेल, नाहीतर त्याहून वाईटही असेल. तुम्हाला कळायला मार्ग नाही, आणि कळू नये अशीच सारी मांडणी आहे. तुम्ही पाप केलं असं मी म्हणणार नाही, पण 'यात माझा काय संबंध' हेही म्हणता येणार नाही.

एक काळ असा होता की मी याच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं असतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात डॉलरचा भाव सरकार ठरवायचं, बाजारातला भाव त्याहून बराच वर असायचा, आणि आखातातला माणूस बँकेतून पैसे पाठवायचा तेव्हा तेवढी खोट खायचा. हवाला तेव्हा फोफावला त्यात सरकारचाही हात होता. मग १९९१ साली गंगाजळी आटली, देशानं सोनं गहाण ठेवलं, जुलैच्या पहिल्या आठवड्यात रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं. त्याच वर्षी सरकारनं कायदाही केला. परदेशातून भेट म्हणून रक्कम आली किंवा ठराविक रोख्यांत गुंतवली, तर ती कुठून आली हे विचारायचं नाही. म्हणजे जो पैसा हवाल्यानं बाहेर गेला होता, त्याला मामाच्या भेटीचं नाव लावून परत यायची वाट सरकारनंच मोकळी करून दिली. तुमच्यासारख्या आईला 'पाप' म्हणताना माझी जीभ जड होते ती यामुळं.

पण १९९३ पासून भाव बाजार ठरवतो. परकीय चलनाचा १९७३ चा फेरा कायदा जाऊन १ जून २००० पासून फेमा कायदा आला, तुरुंगाच्या जागी दंड आला. बँकेचा भाव आणि बाजाराचा भाव यांत पूर्वीसारखी दरी राहिली नाही. अर्जेंटिनात २०१९ ते २०२५ लोकांना सरकारी भावानं महिन्याला जेमतेम दोनशे डॉलर घेता यायचे, पुढं तेही अवघड केलं होतं, आणि रस्त्यावरचा 'ब्लू' डॉलर कधी कधी सरकारी भावाच्या दुप्पट असायचा. तिथली एखादी मास्तरीण आपली बचत वितळू नये म्हणून गल्लीत डॉलर घ्यायची, तर मी तिला नावं ठेवणार नाही. सरकारनं तिला सरळ रस्ता ठेवलाच नव्हता. तुमच्या लेकाला तो आहे.

आता ती दहाची नोट. ती म्हणजे पावती. पावती पोरानं खिशात टाकली. तुमच्याकडं काय उरलं? उद्या लेकानं गावात वावर घ्यायचं ठरवलं आणि पैसे कुठून आले विचारलं, तर दाखवणार काय? पैसे कमी निघाले, नोट खोटी निघाली, पोरगा आलाच नाही, तर तक्रार कोणाकडं करणार? फेमात धरलं तर रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. अलीकडं हे लोक रोख न देता भलत्याच कोणाच्या खात्यातून तुमच्या खात्यात पैसे टाकतात. तो पैसा ऑनलाइन फसवणुकीतला निघाला की पोलिस खातं गोठवतात, आणि मग तुमची श्रावणबाळ योजनेची रक्कमही त्यातच अडकून बसते.

लेकाला सांगा, एनआरई खातं (परदेशात राहणाऱ्याचं, तिकडची कमाई ठेवायचं खातं) काढ. त्यातल्या व्याजावर इथं कर नाही. आईला पाठवलेल्या पैशावरही कर नाही, कितीही पाठवो. मनी ट्रान्सफरनं आले तर ओळखपत्र दाखवून ५० हजारांपर्यंत रोख हातात मिळते. खात्यात आले तर गावातल्या बँक मित्राकडं अंगठा लावून थोडे थोडे काढता येतात, तालुक्याला जायचं काम नाही. मात्र तुम्ही पत्रात न लिहिलेली एक तक्रार मला पूर्ण मान्य आहे. मोटरसायकलवाला पोरगा तुम्हाला 'काकू, बसा' म्हणतो अन् बँकेत 'मागं सरका' म्हणतात. त्या पोराचं खरं भांडवल तेच आहे, हे बँकवाल्यांना मी दर मीटिंगमध्ये ऐकवते. ते चहा पाजतात आणि विषय बदलतात.

प्रश्न : आमच्या आठवडी बाजारात एक जण फाटक्या नोटा घेतो. शंभराच्या नोटेचे ऐंशी देतो. हा पण काळाबाजारच ना? *(एक वाचक, ता. आर्णी)*

उत्तर : नाही, हा बट्टा. तुमच्या आळसावर घेतलेला. कोणत्याही बँकेत फाटकी नोट फुकट बदलून मिळते, खातं तिथं असो नसो. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा ८० टक्क्यांहून जास्त भाग शाबूत असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे. वीस आणि त्याखालच्या नोटेचा निम्म्याहून जास्त तुकडा हातात असेल तर पूर्ण पैसे. तो बाजारातला माणूसही शेवटी त्या नोटा बँकेतच नेतो. आणि हो, दहाचं नाणं चालतं. कोणत्याही छापाचं चालतं. आपल्या भागात ते कोणी घ्यायला मागत नाही, त्याला कायद्याचा काडीचाही आधार नाही.

प्रश्न : माझं नेर तालुक्यात ९ एकर वावर आहे. माझे जावई (बहिणीचे यजमान) अमरावतीला ठेकेदार आहेत. ते म्हणतात, तुमचं वावर कागदोपत्री मक्त्यानं माझ्याकडं दाखवू, मी त्यात २२ लाखांचं सोयाबीन पिकवलं असं रिटर्नमध्ये टाकतो, शेतीला कर नाही, तुम्हाला ५० हजार देतो. दोन वर्षं पीक हातचं गेलं आहे. कोणाचं नुकसान तर होत नाही? *(एक शेतकरी)*

उत्तर : भाऊ, आधी जावईबापूंचं पीक मोजू. एकरी १० क्विंटल धरते. आपल्याकडं एवढं आलं तर माणूस पेढे वाटतो, पण धरू. ९ एकरात ९० क्विंटल. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, तोही मिळाला असं समजू. झाले ४ लाख ७९ हजार ५२० रुपये. उरलेले सतरा लाख काय धुऱ्यावर उगवले?

हा हिशेब मी करते तसा अधिकारीही करतो. तो बाजार समितीची हिशेबपट्टी मागेल, बियाणं-खताची बिलं मागेल, ई-पीक पाहणीत त्या गटात काय नोंदलं ते पाहील. तिथं तुम्हीच मोबाईलवर फोटो काढून कपाशी नोंदवली असेल, तर खेळ खलास. मक्त्याच्या कागदावर सही तुमची, म्हणून नोटीस तुम्हालाही येणार. ५० हजारांतला निम्मा पैसा माझ्यासारखीच्या फीमध्ये जाईल, वर वणवण वेगळी.

पण तुम्ही नुकसान कोणाचं ते विचारलंत. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही तो कशासाठी? तुमच्यासाठी, पावसावर अवलंबून असलेल्यासाठी. शहरातला पैसा वावरातून फिरवून पांढरा करण्याचा धंदा जुनाच आहे. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात शेती उत्पन्नाची करमाफी मागणारी प्रकरणं तपासली, तेव्हा २२ टक्क्यांहून जास्त प्रकरणांत खात्यानं पुरेशी कागदपत्रं न तपासताच माफी दिल्याचं निघालं. दर दोन-चार वर्षांनी कोणी ना कोणी उठतो आणि म्हणतो, शेतकरी कोट्यवधी कमावतात, त्यांना कर लावा. त्याच्या हातातल्या आकड्यांत तुमच्या जावयासारख्यांची रिटर्नं भरलेली असतात. म्हणजे सोयाबीन गेलं तुमचं, श्रीमंत शेतकरी म्हणून नोंद झाली तीही तुमच्याच सातबाऱ्यावर, आणि सूट कापायची वेळ आली की कापली जाणार तीही तुमचीच.

राहिला बहिणीचा प्रश्न. तुम्ही तो लिहिला नाहीत, पण पत्रात तोच आहे. मानाच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. तेव्हा नाव माझं सांगा. 'वकीलबाईनं कागद पाहिला अन् म्हणाली, यात दोघंही जाल.' यासाठी माझं नाव वापरायला पूर्ण मुभा आहे, फी नाही.

प्रश्न : कारंज्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. विक्रीकर होता, मग व्हॅट आला, आता जीएसटी. एकही रिटर्न उशिरा गेलेलं नाही. दिवाळीतसुद्धा आधी चलान, मग लक्ष्मीपूजन. बाजूच्या दुकानदारानं व्हॅटचे पैसे वर्षानुवर्षं थकवले. २०२३ च्या अभय योजनेत त्याची थकबाकी साफ माफ झाली. मला हसून म्हणाला, 'भाऊ, तुम्ही कर भरता, आम्ही वाट पाहतो.' त्या दिवसापासून डोक्यात तेच आहे. मी मूर्ख ठरलो का? पुढं मीही थांबावं का? *(एक व्यापारी)*

उत्तर : मूर्ख ठरला नाहीत. तुमचा अपमान मात्र झाला आहे, आणि तो पहिल्यांदा झालेला नाही. स्वातंत्र्यानंतर चार वर्षांत, १९५१ मध्येच, दडवलेलं उत्पन्न उघड करा आणि सुटा अशी योजना आली. मग १९६५, मग आणीबाणीत १९७५. १९८१ साली सरकारनं विशेष धारक रोखे काढले. दहा हजारांचा रोखा घ्या, पैसे कुठले ते विचारणार नाही, दहा वर्षांनी बारा हजार न्या. लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. बहुमतानं रोखे टिकले. एखादी गोष्ट अनैतिक वाटते एवढ्यावरून कायदा रद्द होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. न्यायमूर्ती अ. चं. गुप्ता एकटे विरोधात राहिले. अप्रामाणिक माणसाला प्रामाणिकापेक्षा चांगली वागणूक देणं हे समानतेत बसत नाही, असा त्यांचा सूर होता. तुमच्या पत्रात तोच प्रश्न आहे. फक्त त्यांनी तो इंग्रजीत मांडला.

१९९७ ची योजना मला जास्त खुपते. तिच्यात वैयक्तिक करचुकव्यांनी ३० टक्के भरायचे होते, व्याज नाही, दंड नाही. ऐकायला ठीक वाटतं. पण त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात वरचा दर ४० वरून ३० वर आणला होता. म्हणजे ज्यानं १९९५ ला आपलं उत्पन्न सरळ दाखवलं त्यानं वरच्या टप्प्यावर ४० भरले, आणि ज्यानं दडवलं त्यानं दोन वर्षांनी ३० भरून हात झटकले. वरून दागिन्यांची सवलत होती. जुने असतील तर १ एप्रिल १९८७ च्या भावानं किंमत लावायची. घरोघरचं सोनं एका रात्रीत दहा वर्षं जुनं झालं. सुमारे ३३ हजार कोटींचं उत्पन्न आणि मालमत्ता उघड झाली, सरकारनं पाठ थोपटून घेतली आणि पुन्हा अशी योजना आणणार नाही असं सर्वोच्च न्यायालयात लिहून दिलं.

२०१६ मध्ये परत आली. या वेळी ४५ टक्के घेतले, म्हणून ही माफी नाहीच असं सांगितलं. त्या ४५ मधल्या साडेसात टक्क्यांचं नाव होतं कृषी कल्याण उपकर. काळ्या पैशाला शेतकऱ्याच्या कल्याणाचं लेबल! ३० सप्टेंबरला खिडकी बंद झाली तेव्हा शेवटची संधी होती. ८ नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या आणि डिसेंबरात आणखी एक शेवटची संधी आली, निम्मा कर आणि पाव रक्कम चार वर्षं बिनव्याजी ठेवायची. तुमचा शेजारी 'आम्ही वाट पाहतो' म्हणाला ते उगाच नाही. इतिहास त्याच्या बाजूनं आहे.

तरीही सगळ्या अभय योजना मी एका तागडीत टाकणार नाही. दडवलेल्या उत्पन्नाला अभय देणं आणि जुनी, वादातली, वसूल न होणारी बाकी मोडीत काढणं यात फरक आहे. राज्यानं २०१६, २०१९, २०२२ आणि २०२३ ला काढलेल्या योजना या दुसऱ्या जातीच्या. २०२३ मध्ये एका वर्षाची दोन लाखांपर्यंतची बाकी पूर्ण माफ केली. त्या वेळी एक बाई माझ्याकडं आल्या होत्या. नवरा सरकी-ढेपेचा व्यापार करायचा, वारला होता, दुकान कधीच बंद झालं होतं. सुतळीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा त्यांनी टेबलावर ठेवला. सुतळी सोडली तर वर वाळवीची माती आणि आत सगळी मागणी एकाच कारणाची, सी फॉर्म (कमी करात माल मिळावा म्हणून परराज्यातल्या खरेदीदारानं द्यायचा कागद). नवऱ्यानं दोन टक्के केंद्रीय विक्रीकर लावून मध्य प्रदेशात माल पाठवलेला, तिकडच्या व्यापाऱ्यानं फॉर्म दिलाच नाही, म्हणून फरकाचा पूर्ण कर यांच्या डोक्यावर. नवऱ्यानं कर खाल्ला नव्हता, कागद मिळाला नव्हता. ती बाकी माफ झाली तेव्हा मला बरं वाटलं, आणि तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्हालाही वाटलं असतं. तुमचा शेजारी त्या बाईंच्या पदराआड लपून सुटला, हे दुखणं मात्र खरं. योजना काढणाऱ्याला दोघांत फरक करता येतो. फायली उघडून पाहायचं काम तेवढं करावं लागतं.

मला विचाराल तर राग याहून दुसऱ्या गोष्टीचा यायला हवा. जीएसटीच्या पहिल्या तीन वर्षांच्या काही मागण्यांवरचं व्याज आणि दंड माफ करण्याची योजना २०२४ च्या कायद्यानं आली, ३१ मार्च २०२५ पर्यंत कर भरला की झालं. पण नोटीस येताच ज्यानं निमूट व्याज-दंड भरून टाकला होता, त्याला परतावा नाही, असं कायद्यातच लिहून ठेवलं. ज्यानं उशीर केला त्याला सूट, ज्यानं लगेच ऐकलं त्याचे पैसे गेले.

आपल्याकडं याचा तोडगा निघालेला आहे, तोही शेतकऱ्यांच्या बाबतीत. २०१७ च्या कर्जमाफीत नियमित फेडणाऱ्याला २५ हजारांपर्यंत आणि २०१९ च्या योजनेत ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम ठरली. ती उशिरा मिळाली, यादीत नाव आलं नाही म्हणून लोक आधार घेऊन सेतू केंद्रात हेलपाटे घालत बसले, सगळं खरं. पण ज्यानं वेळेवर भरलं त्याचंही काहीतरी देणं लागतो, हे सरकारनं कबूल तर केलं. कर भरणाऱ्याच्या बाबतीत तेवढंही नाही. तुमच्या व्यापारी संघानं निवेदन द्यायचं तर या मागणीचं द्यावं. (कृपा करून 'शेतकऱ्यांची कर्जं माफ होतात मग आमचा कर का नाही' असं लिहू नका. पाऊस आला नाही म्हणून फेडता न येणं आणि गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर गल्ल्यात ठेवून घेणं, या दोन गोष्टी एका ओळीत बसत नाहीत.)

आता, थांबावं का? नाही. जीएसटीवर वर्षाला १८ टक्के व्याज चढतं, रिटर्न थकली की नोंदणी रद्द होते, आणि तुमच्याकडून माल घेणाऱ्या गावोगावच्या छोट्या दुकानदारांचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) अडकतं. शेजाऱ्याच्या हसण्याचा सूड त्यांच्यावर काढून काय मिळणार? आणि तो कर तुमचा नव्हताच, गिऱ्हाइकानं खिळ्या-पत्र्यांसोबत तुमच्याकडं ठेवायला दिलेला पैसा आहे. शेजाऱ्याला मात्र एवढं विचारा, त्यानं व्हॅट गिऱ्हाइकाकडून बिलात घेतला होता की नाही.

प्रश्न : मी बचत गटांची सीआरपी (गटांना मदत करणारी गावपातळीवरची कार्यकर्ती) आहे. आमच्या गटातल्या एका ताईंच्या वतीनं लिहिते. २०२३ च्या हिवाळ्यात गावातल्या एकानं आठ-दहा बायांना गाडीत घालून नागपूरला रिझर्व्ह बँकेत नेलं. प्रत्येकीच्या हातात दोन हजाराच्या दहा नोटा आणि फॉर्म. दिवसभर रांग. ४०० रुपये आणि जेवण. आता कोणीतरी तिला म्हणालं, तुझं आधार लागलंय, तुला धरून नेतील. ताई रात्री झोपत नाहीत. त्यांचं चुकलं का? *(ता. भिवापूर)*

उत्तर : दोन हजाराची नोट तेव्हाही कायद्यानं वैध होती. १९ मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं ती मागे घ्यायला सुरुवात केली, ७ ऑक्टोबरपर्यंत कोणत्याही बँकेत आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत बदलून मिळायची. नागपूर त्यांतलं एक. एका वेळी २० हजार, म्हणून दहा नोटा. आपली नोट बदलणं हा गुन्हा नव्हता. ताईंनी दुसऱ्याच्या नोटा आपल्या म्हणून दिल्या एवढं खरं, आणि मी ते धुवून काढणार नाही. पण त्या दिवशी निंदणाची मजुरी किती होती, रांगेत उभं राहायचे किती मिळत होते, आणि नोटांचा धनी स्वतः का आला नाही, या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. जो घरी बसला त्याच्याकडंच बोट जातं.

२०१६ ची कपाशी आठवते का? कापूस घरात, रब्बीची पेरणी तोंडावर. व्यापारी म्हणायचा, जुन्या नोटा घेता का, भाव जास्त देतो. चेक पाहिजे तर कमी. जिल्हा बँकेला १४ नोव्हेंबरपासून जुन्या नोटा घ्यायला बंदी, आणि आपल्याकडं शेतकऱ्याचं खातं असायचं ते जिल्हा बँकेतच. ज्यानं त्या नोटा घेतल्या, नातेवाइकाच्या खात्यातून फिरवल्या, त्याला मी कधी बोलले नाही. चेकनं बियाणं देणारा दुकानदार गावात नव्हता. ताईंचं तसं नव्हतं, त्यांना नाही म्हणता आलं असतं. पण गाडी घेऊन आलेला माणूस गावातला, त्याच्याच वावरात उद्या कामाला जायचं, तेव्हा नाही म्हणणं किती सोपं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

धरून नेतील ही भीती घालणाऱ्याला काही पाहिजे असेल, त्याच्यापासून सावध राहा. 'सेटलमेंट करून देतो' म्हणत कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही द्यायचा नाही. कधी कोणती नोटीस आलीच तर जे झालं ते जसंच्या तसं सांगायचं. कोणी नेलं, किती मिळाले, नोटा कोणाच्या. खोटं नाव घ्यायचं नाही, कोणाला वाचवायचंही नाही. नोटीस आल्यास त्यांना घेऊन माझ्याकडं या, मंगळवार सोडून कधीही.

आणि गटाच्या पुढच्या मीटिंगला सगळ्यांना एक करून दाखवा. आधारची झेरॉक्स कोणालाही देताना तिच्यावर आडवी सही करायची, तारीख टाकायची आणि कशासाठी दिली ते चार शब्दांत लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या कागदावर तुम्ही लिहून द्या.